रजियाबीचं पन्हं

दारावरची घंटी वाजली आणि पाळण्यातली पिंकी दचकली. पंजाबरावांनी एका हातानं दोरी ओढणं चालू ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर धरलं, आणि दारातल्या मुलीला डोळ्यांनीच आत बोलावलं. सारा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेली. तोंड न उघडता माणसं जागेवर बसवायची कला त्यांना अवगत होती.

"गीतांजली मॅडम..."

"माझी सून. बस तू. लेकराचा डोळा लागला का येतेच ती."

गीतांजली अमरावतीत खासगी तपासाची कामं करायची. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. पिंकी झाल्यापासून तपास दोन दुधांच्या मधल्या वेळात चाले. गाडी सासरे चालवत, आणि तपासही आपणच चालवतो असा त्यांचा एक प्रामाणिक समज होता.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मुलीनं नाव सांगितलं. प्रणाली, वलगावच्या खुशालरावांची लेक.

"लग्न ठरलंय," ती म्हणाली.

"मुलाची चौकशी करायची का?"

"नाही. शिवम चांगला आहे. मला एका पन्ह्याची चौकशी करायची आहे."

पंजाबरावांची दोरी थांबली. पिंकीनं हुंकार दिला, तशी पुन्हा चालू झाली.

प्रणालीनं सांगितलं ते असं. अकोल्याला शिवमच्या घरी साखरपुडा झाला. पन्हं वलगावहून गेलं. शेजारच्या वाहेदभाईंच्या घरून, त्यांच्या बायकोच्या, रजियाबीच्या हातचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, विस्तवावर कैऱ्या भाजून रजियाबी पन्हं करते. दर उन्हाळ्यात तिच्या बाटल्या गणगोतात, मैत्रिणींत, अगदी मोर्शीपर्यंत जातात. आजवर कुणाचं पोट दुखलं नव्हतं. साखरपुड्यात मात्र नऊ बायका ओकल्या. दोघींना सलाईन लावावं लागलं.

"मग लग्न मोडलं?"

"नाही ना. त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं. फक्त एक अट घातली. रजियाखाला लग्नात नको. अन् बाबा हो म्हणाले."

तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं.

"आई गेली तेव्हा मी लहान होते. माझ्या वेण्या या मावशीनं, खालानं घातल्या. डबा तिनं दिला. पहिल्यांदा साडी तिनं नेसवली. ती मंडपात नसेल तर मी पण नसेन. पण असं बोलले तर बाबांची मान खाली जाते. म्हणून खरं काय झालं ते कळलं पाहिजे."

"आणि चूक तिचीच निघाली तर?"

"तरी कळलं पाहिजे. तिनं तर त्या दिवसापासून कैरीला हात लावला नाही. भांडली असती तरी बरं होतं."

गीतांजली समोर बसली. "आजारी कोण पडलं?"

"आतल्या हॉलमधल्या बायका. पुरुष बाहेर मांडवात होते. त्यांना काही नाही. पोरं पण बाहेरच प्यायली, त्यांनाही नाही."

"किती वेळानं?"

"प्यायल्या अन् लागलीच. जेवणाची ताटं पण यायची होती."

"तू प्यायलीस?"

"एक घोट. पाटावर बसले होते, घशाखाली काही उतरत नव्हतं. खालाचं पन्हं मला झोपेतही ओळखू येईल, पण त्या दिवशी चव अशी... तोंडात चावी धरल्यासारखी. म्हटलं, भीतीनं असेल. ठेवून दिला गिलास."

गीतांजली सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, गाडी काढता?"

"लेकरू?"

"आई आहेत. आणि दोन बाटल्या भरून ठेवल्यात."

•

वलगावला रजियाबी ओट्यावर गहू निवडत बसली होती. आलेल्यांना तिनं बसायला चटई टाकली, पाणी दिलं. शरबत विचारलं नाही.

"बाई, म्या काय सांगू? कैरी झाडाची, गूळ घरचा, जिरं मीच भाजलं. आमी घरी बी पेलो तेच. माझा नातू दोन गिलास प्याला." तिनं गव्हातला खडा शोधून अंगणात फेकला. "पण नऊ बाया खोटं थोडीच ओकतीन? काही तं झालं असन माझ्या हातानं."

"कशात भरून दिलं?"

"स्टीलचे दोन कॅन. खाली तोटीवाले. झाकणं तनवीरनं पट्टी लावून चिकटवले, सांडू नाही म्हणून. वरतून उघडायचं कामच नाई. तोटी फिरवा, गिलास भरा."

तनवीर तिचा मुलगा. कॅन त्याच्याच गाडीतून गेले होते. तो दारात उभा राहून मोबाइलशी खेळत होता, आणि मोबाइल बंद होता, हे गीतांजलीनं पाहिलं.

"रस्त्यात थांबलात?"

"नाही."

"एवढ्या उन्हाळ्यात, वलगाव ते अकोला, चहालाही नाही?"

"नाही म्हटलं न ताई."

"मग पन्हं थंड कसं राहिलं? प्रणाली म्हणते, गिलासाला बाहेरून घाम आला होता."

तनवीरनं आईकडे पाहिलं आणि गीतांजलीला खुणेनं गोठ्याकडे नेलं. पंजाबराव मागोमाग गेले.

"अम्मीले नका सांगू," तो कुजबुजला. "मूर्तिजापूरले थांबलो. पट्टी काढून दोन्ही कॅनमधी बर्फ टाकला. लादीचा. गाडीवाल्याकडून घेतला. परत पट्टी लावली. मले वाटलं, गरम पन्हं नेऊन आपलीच इज्जत जाईन."

"दोन्ही कॅनमध्ये?"

"एका लादीचे दोन तुकडे."

गाडीत बसताच पंजाबरावांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "झालं! मिटलं! तो बर्फ मेला नाल्याच्या पाण्याचा असते. मी मूर्तिजापूर स्टँडले तीस वर्षं पाहिला. चाल, घरी जाऊ."

"मामाजी, तोच बर्फ पुरुषांच्या कॅनमध्ये पण होता."

"पुरुषाची पोटं दणकट असतात."

"आणि पोरांची?"

पंजाबरावांनी गाडी चालू केली. उत्तर नसलं की ते गियर टाकत.

"शिवाय घाण पाण्याचं दुखणं रात्री तरी दिसतं, नाही तर दुसऱ्या दिवशी. पिंकीला मागच्या महिन्यात झालं तेव्हा पाहिलं ना आपण? इथं ताट वाढायच्या आत ओकाऱ्या. अकोल्याला जाऊ."

•

शिवमच्या आईचं नाव पार्वताबाई. मोठं घर, झाडलेलं अंगण, शब्दाला वजन असलेली बाई. प्रणालीनं आधी फोन करून सांगितलं होतं की अमरावतीची एक ताई आणि तिचे सासरे भेटायला येतील. पार्वताबाईंनी त्यांना दिवाणखान्यात बसवलं.

दिवाणखान्याच्या एका भिंतीला फळ्यांवर पितळेची भांडी मांडली होती. घागरी, तपेली, तांबे, आणि मधोमध एक पोटुशा बाईसारखा ऐसपैस हंडा.

"माझ्या मायनं देलेला," पार्वताबाई म्हणाल्या. "असं भांडं आता घडवणारा नाई राहिला."

"वापरता?"

"छ्या! शोभेचं आहे ते. घरात सगळं स्टील अन् नॉनस्टिक."

पंजाबराव उठून जवळ गेले. त्यांना जुन्या वस्तूंचं भारी वेड. एका घागरीत डोकावले. आत पिवळी पितळ. तपेल्यात डोकावले, तेही पिवळं, तळाशी थोडी धूळ. मग हंड्यात डोकावले आणि हसले. आतून तो चांदीसारखा पांढरा होता, आणि तळाशी त्यांच्या मिशा त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"वा! आरसा पाहाची गरज नाई," ते म्हणाले.

पार्वताबाई म्हणाल्या, "चहा घेता का सरबत?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "सरबताचं नाव नको बाई आता."

गीतांजलीनं साखरपुड्याचा विषय काढला. पार्वताबाईंचा आवाज एकदम सपाट झाला.

"झालं ते झालं. पोरीचा काही दोष नाई. पण ज्या हाताचं खाऊन माझ्या सख्ख्या बहिणीले सलाईन लागली, तो हात मले मांडवात नको. माझा काय जातीधर्माचा प्रश्न नाई. वाहेदभाईनं जेवाले यावं खुशाल. पण ते बाई नाई."

"उरलेलं पन्हं डॉक्टरांनी पाहिलं?"

"मी माझ्या हातानं मोरीत ओतलं. अजून कोणाच्या पोटात जाऊ नाई म्हणून."

"वाढलं कुणी?"

"बाहेर पोरांनी. अंदर आमच्या सीमानं. मोठी सून."

सीमा चहा घेऊन आली तशी गीतांजली कप ठेवायच्या निमित्तानं तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. पंजाबरावांनाही तिथं पाणी हवंसं वाटलं.

"फार काम पडलं असेल त्या दिवशी," गीतांजली म्हणाली.

तेवढ्या एका वाक्यावर सीमा मोकळी झाली. घरातल्या मोठ्या सुनेला असं कुणी विचारत नाही.

"बापा! आदल्या दिवशी आईनं सगळी पितळ घासाले लावली. चिंच अन् राखुंडी. मी म्हटलं बाहेरून घासू. तर नाई, अंदरूनही पायजे. तो हंडा तर डोकं अंदर घालून घासला. अंदरची काळी-पांढरी खपली निघेनाच, काथ्यानं खरवडून काढली. सगळं अंदरून-बाहेरून सोन्यावानी पिवळं धमक केलं तवा सोडलं मले. हे पाहा हात, अजून सालपटं निघून राहिली."

"आणि मग दिवसभर वाढणं."

"हो न. गिलास भरता भरता मनगट गेलं. त्या ओगराळ्याचा दांडा केवढा, अन्..." ती थांबली.

"कशातून भरत होतात?"

सीमानं दाराकडे पाहिलं. दारात पार्वताबाई उभ्या होत्या.

"कॅनमधूनच," सीमा म्हणाली. "त्या बाईनं पाठवले न, त्याच्यातून."

गीतांजलीनं कप विसळून पालथा घातला आणि निरोप घेतला.

परतीच्या वाटेवर पंजाबरावांनी दुसरा सिद्धांत मांडला. सीमानंच काही तरी कालवलं. सासूवर राग. हात सोलले तिचे.

"तिनं तिच्या मावससासूला सलाईन लावून सासूवर कसला सूड घेतला?"

पंजाबरावांनी गियर टाकला.

"मामाजी, तुम्ही त्या हंड्यात डोकावलात ना? काय दिसलं?"

"मी दिसलो."

"तेच," गीतांजली म्हणाली. "उद्या सगळ्यांना अकोल्याला जमवायचं. रजियाबींनाही. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

•

रजियाबी यायला तयार नव्हती. पंजाबरावांनी तिला कंडक्टरी आवाजात सांगितलं, "बाई, तुमची सीट बुक झाली. बसून घ्या." तेव्हा ती उठली. पार्वताबाईंच्या घरात मात्र ती दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर, पदर आवळून बसली. तिच्याशेजारी तनवीर. समोर पार्वताबाई, त्यांच्यामागे सीमा, एका बाजूला शिवम आणि प्रणाली.

"हे काय चाललंय?" शिवमनं विचारलं.

"तुमच्या होणाऱ्या बायकोनं मला एक काम दिलंय," गीतांजली म्हणाली. "मी तपासनीस आहे. काकू, काल सांगितलं नाही, त्याबद्दल माफ करा."

पार्वताबाईंनी मान फिरवली.

"पन्हं एकच होतं. एकाच चुलीवरचं. एक कॅन बाहेर मांडवात गेला, एक आत. बाहेरचे सगळे बरे, आतल्या नऊ जणी आजारी. म्हणजे पन्हं बिघडलं ते घरात आल्यावर. गूळ, कैरी, जिरं, यांचा संबंध नाही. बर्फाचाही नाही."

"कोणता बर्फ?" रजियाबीनं विचारलं.

तनवीरनं छताकडे पाहिलं.

"तनवीर?"

"मूर्तिजापूरचा, अम्मी. लादीचा."

"रस्त्याचा? माझ्या पन्ह्यात?" तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली. त्या घरात शिरल्यापासूनची तिची ती पहिली ठाम हालचाल होती.

"बर्फ दोन्हीकडे होता, म्हणून तो सुटला," गीतांजली पुढं म्हणाली. "आता तीन गोष्टी. एक, ओकाऱ्या लागलीच झाल्या. सडक्या, घाणेरड्या पदार्थाला इतकी घाई नसते. दोन, प्रणालीला चव लागली तोंडात चावी धरल्यासारखी. म्हणजे धातूची. स्टीलच्या कॅनला अशी चव येत नाही, आली असती तर बाहेरही आली असती. तीन, सीमाताईंचं मनगट ओगराळ्यानं दुखलं. कॅनला खाली तोटी, वर चिकटवलेलं झाकण. तोटीच्या कॅनला ओगराळं कशाला? ओगराळं लागतं उघड्या, खोल भांड्याला."

सीमा जमिनीकडे पाहत होती.

"सीमाताईंनी आदल्या दिवशी सगळी पितळ आतूनसुद्धा पिवळी धमक होईपर्यंत घासली. डोकं आत घालून घासावं लागलं ते भांडं कोणतं, ते त्यांनीच सांगितलं. काल माझे सासरे तिथं डोकावले. घागर पिवळी. तपेलं पिवळं. आणि हंडा?"

पंजाबराव हळूहळू सरळ बसले. "पांढरा," ते म्हणाले. "अरे! पांढरा होता न तो. माझ्या मिशा दिसल्या."

"घासून पिवळा केलेला हंडा आपोआप पांढरा होत नाही. त्याला साखरपुड्यानंतर कल्हई झाली. ताजी, अजून मिशा दिसतात इतकी ताजी. काकू, ज्यात पाणीसुद्धा तापवत नाही त्या शोभेच्या हंड्याला, आणि फक्त त्यालाच, कल्हई कशासाठी केली?"

"भांडं माझं आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "कल्हई करीन नाई तर फुलं लावीन."

"फुलंच लावणार होतात. माझा अंदाज सांगते. सकाळी पन्हं आल्याबरोबर आतला कॅन त्यात रिकामा केलात. हॉलमध्ये मधोमध मांडायचा, झेंडूच्या माळा घालायच्या. मग लक्षात आलं, भरलेला हंडा उचलणार कोण? तो आतल्या खोलीतच राहिला, म्हणून कुणाच्या नजरेला पडला नाही. आणि सकाळपासून दुपारपर्यंत कैरीचं पन्हं त्या उघड्या पितळेत कळकत राहिलं, आंबटानं धातू त्यात उतरत राहिला. जी खपली सीमाताईंनी कष्टानं खरवडली, ती जुनी कल्हई होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

"हे सगळं मनचं आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "कोणी पाहिलं?"

 मागून सीमाचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

"मी पाहिलं न, आई. मीच भरले गिलास. हंड्यातूनच भरले."

पार्वताबाईंनी मागं वळून पाहिलं. सीमा पदराशी चाळा करत होती, पण नजर तिनं हलवली नाही. पार्वताबाईंचे खांदे खाली आले.

"आई?" शिवम म्हणाला.

"माय सांगे," पार्वताबाई कुणाकडेच न पाहता बोलू लागल्या. "आंबट नको ठेवू म्हणे पितळेत. मले माहीत होतं. पण हंडा इतका सुंदर दिसून राहिला होता, डोक्यात आलंच नाई. पहिली बाई ओकली तवा आठवलं. दुसरी माझी बहीण होती. वरमाय म्हणून सोफ्यावर बसली होती मी, सगळ्या सोयऱ्यांसमोर. कशी सांगू?"

"म्हणून खालाचं नाव सांगितलं?" प्रणालीनं विचारलं.

"मी नाई सांगितलं. कोणी तरी म्हणालं, पन्हं कोणाच्या घरचं? मी फक्त... तिची चूक नाई, असं म्हटलं नाई."

"पण अट तर तुम्ही घातली."

"ते समोर राहिली असती तर माझ्यानं तिच्या तोंडाकडे पाहणं झालं नसतं, पोरी."

रजियाबीनं पदर सोडला आणि खुर्चीत मागं टेकून बसली. रडली नाही. इतक्या दिवसांत प्रथमच पाठीला काही तरी आधार मिळाल्यासारखी बसली.

शिवम उठून रजियाबीजवळ गेला आणि हात जोडणार, तेवढ्यात प्रणालीनं त्याला थांबवलं.

"तू नको. अन् काकू, तुम्ही पण माफी नका मागू. या खोलीत मागितलेली माफी या खोलीतच राहते. त्या नऊ जणींच्या घरी खालाचं नाव गेलंय. तिथून ते परत आणा."

"लग्न होऊन जाऊ दे," पार्वताबाई म्हणाल्या. "मग एकेकीले सांगतो शांततेनं."

"आधी."

"सोयऱ्यांत काय तोंड राहीन माझं?"

"खालाचं राहिलं होतं का?" प्रणाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्या घरात येणार आहे, काकू. मला यायचं आहे. पण खालाचा हात धरूनच येईन. नाही तर नाही."

शिवमनं टीपॉयवरचा आईचा फोन उचलला आणि तिच्यासमोर धरला. 

पार्वताबाईंनी फोन घेतला. चष्मा शोधला, पुसला, पुन्हा पुसला. मग बहिणीला लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येण्याइतका खणखणीत होता. तब्येत, ऊन, कोणाची तरी सून, सगळं एका दमात येऊन गेलं.

"थांब," पार्वताबाई म्हणाल्या. "ऐक. ते पन्हं चांगलं होतं. त्या वलगावच्या बाईचं काही चुकलं नाई. मी मायच्या हंड्यात ठेवलं होतं. कल्हई गेलेली. माझ्यानं झालं ते."

 पलीकडून एक लांब "अवं माय वं" ऐकू आलं, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते पार्वताबाईंनी फोन कानापासून दूर न नेता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हो," त्या मधून मधून म्हणत होत्या. "हो. बरोबर आहे तुझं."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. सीमानं पंख्याचा वेग वाढवला. तनवीर चुळबुळला. पंजाबराव घसा साफ करून काही तरी समारोपाचं बोलायच्या बेतात होते, पण सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प राहिले.

रजियाबी उठली. दाराजवळची खुर्ची तिनं दोन्ही हातांनी उचलली, खोलीच्या मधोमध आणून पार्वताबाईंच्या अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली, आणि तिच्यावर ऐसपैस बसली.

"आता," ती म्हणाली, "दुसरीले लावा."